लेक मुक्कामाला धाडताना



वर्धापनदिनाला हळदीकुंकू, पाककृतींची स्पर्धा आणि एक भाषण असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. भाषणाला दरवर्षी बाहेरच्या कोणी विदुषी बाई येतात. ह्या खेपेस कार्यकारिणीने ठरविले की, मंडळातल्याच एकीने बोलावे. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझे नाव निघाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत बोलण्याची सवय म्हणाल तर भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी. तेव्हा गोड मानून घ्यावे.

विषय मात्र मी माझ्या मनाने निवडला आहे. माझी भाची ऑस्ट्रेलियात नोकरीला असते. तिकडच्या आदिवासी मुलींसाठी विज्ञानाची आणि इंजिनिअरिंगची मुक्कामाची शिबिरे भरतात, असे तिने फोनवर सांगितले. त्यावरून मी माझ्या लेकीच्या मागे लागून पुष्कळसे वाचून घेतले. तिने इंग्रजी वाचावे, मराठीत सांगावे आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकावे, असे आमचे दोन महिने चालले होते. विषय ऐकून आपल्या सेक्रेटरीबाईंनी विचारले, “अहो, त्याचा आपल्याशी संबंध काय?” मी म्हटले, लेक आठ दिवस परगावी मुक्कामाला धाडायची म्हटले की आईच्या पोटात जे होते, ते साऱ्या मुलखात सारखेच.

ऑस्ट्रेलियाचे आदिवासी म्हणजे एकच एक जमात नव्हे. गोरे लोक १७८८ साली तिथे वसाहत करायला उतरले, तेव्हा तिथे अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे देशाच्या वस्तीत हे लोक शेकडा ३.८ होते. म्हणजे शहरातल्या शाळेत तीस मुलांच्या वर्गात अशी एखादीच मुलगी असायची. त्यातून तिला गणिताची किंवा यंत्रांची आवड असली, तर ती आणखीच एकटी. बरोबरीची नाही, पुढे गेलेली ताई नाही, “हे आपल्याला जमते” असे दाखवायला घरातले कोणी नाही. हे एकटेपण मोडणे, हा त्या शिबिरांचा एक हेतू आहे.

आता शिबिरांची हकीगत. ॲडलेड शहरात १९९२ पासून आदिवासी मुलामुलींसाठी विज्ञानाची सुटीतली निवासी शाळा भरू लागली. पुढे २०१४ साली सुरू झालेल्या एका मोठ्या योजनेत सी.एस.आय.आर.ओ. ह्या तिथल्या सरकारी विज्ञानसंस्थेने ती हाती घेतली आणि ॲडलेड, न्यूकॅसल व टाउन्सव्हिल अशा तीन ठिकाणी भरविली. दहावीची मुले, मुक्काम नऊ दिवसांचा. तिकडे उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत असतो, तेव्हा सुटीही तीच. त्यानंतर २०१८ साली फक्त मुलींकरिता एक वेगळी योजना जाहीर झाली. तिचे नाव लांबलचक आहे. मराठीत ‘तरुण आदिवासी स्त्रियांची विज्ञान, तंत्र, इंजिनिअरिंग व गणित अकादमी’ असे म्हणता येईल. तिच्यात मुलगी आठवीत असताना येते, आणि कॉलेज संपवून कामाला लागेपर्यंत तिची पाठराखण करावयाची असते. शिबिरे हा त्या पाठराखणीचा भाग.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, छानच की! मग कोणती आई नको म्हणेल? तर त्यासाठी मला जरा मागे जावे लागेल. ही हकीगत मी आज मुद्दाम सविस्तर सांगणार आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात जिगलाँग नावाची एक दूरची वस्ती आहे. ससे शेते खातात म्हणून त्या सरकारने तिकडे उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत तारेचे कुंपण घातले होते. आठराशे किलोमीटरांहून लांब. ते जिगलाँगवरून जाते. कुंपणाची देखरेख करणारे गोरे लोक तिथे असत. त्यांतल्या काहींना आदिवासी स्त्रियांपासून मुले झाली. अशी मिश्र रक्ताची मुले आयांपासून काढून घ्यावयाची आणि सरकारी वसतिस्थानात वाढवावयाची, असा त्या वेळचा कायदा होता. १९३१ साली मॉली नावाची चौदा वर्षांची मुलगी, तिची आठ वर्षांची सावत्र बहीण डेझी आणि मावसबहीण ग्रेसी ह्या तिघींना उचलून पर्थ शहराच्या उत्तरेला मूर रिव्हर नावाच्या ठिकाणी नेले. नेताना आयांचे कोणी काही विचारले नाही.

मॉलीने तिथे फार दिवस काढलेच नाहीत. बहिणींना घेऊन ती पळाली. घर सोळाशे किलोमीटरांवर! नकाशा नाही, पायांत नीट काही नाही, मागावर पोलीस. पण तिच्या डोक्यात एक हिशेब पक्का होता: ते सशांचे कुंपण आपल्या दाराशी येते, ते सापडले की, त्याच्या कडेने उत्तरेला चालत राहायचे. नऊ आठवडे त्या मुली चालल्या. वाटेत ग्रेसी पकडली गेली. मॉली आणि डेझी मात्र घरी पोचल्या. चौदा वर्षांची पोर! दिशा, अंतर, पाणी, खाणे, पाठीवर धाकटी बहीण, सगळ्याचा हिशेब तिने मनात ठेवला. सरकारच्या दप्तरी मात्र ती एक पळालेली मुलगी एवढीच होती.

गोष्ट इथे संपत नाही. मॉली मोठी झाली, तिचे लग्न झाले, दोन मुली झाल्या. १९४० साली तिला आणि त्या दोघी लेकींना पुन्हा मूर रिव्हरला नेले. १९४१ साली ती पुन्हा तशीच पायी घरी निघाली. कडेवर एकच पोर नेता येईना का? तान्ही ॲनाबेल तिने बरोबर घेतली, आणि चार वर्षांची डोरिस मागे राहिली. पुढे ॲनाबेललाही सरकारने नेले, आणि मॉलीला ती लेक पुन्हा भेटली नाही. डोरिस आईला भेटली ती थेट मोठेपणी. तिनेच आईची ही कहाणी १९९६ साली पुस्तकरूपाने लिहिली. माझी लेक हे वाचून दाखवत होती, तेव्हा माझी पोळी तव्यावर करपली. खोटे कशाला सांगू?

ही एका भागातली गोष्ट झाली. दुसरीकडे, न्यू साउथ वेल्स प्रांतात, कूटामंड्रा गावी आदिवासी मुलींसाठी सरकारने एक गृह चालविले, १९१२ पासून १९६९ पर्यंत. निवासी होते, मुलींचेच होते, आणि ‘शिक्षण’ देणारे होते. शिक्षण कसले? केर काढणे, कपडे धुणे, शिवण, चूल. चौदा-पंधरा वर्षांची झाली की गोऱ्यांच्या घरी कामाला लावत, आणि तिचा बहुतेक पगार सरकारी मंडळाकडे जमा होई. पुष्कळींना तो पुढे मिळालाच नाही.

इथे माझे एक मत सांगते. मी जन्मभर घरकामच केले आहे आणि त्याची मला लाज नाही. स्वयंपाकाला डोके लागते, हे पुरुषांना नसले तरी आपल्याला ठाऊक आहे. पण मुलीच्या कातडीचा रंग पाहून कोणी तिसऱ्यानेच ठरवायचे की, हिने फक्त दुसऱ्याची भांडी घासायची, आणि त्यालाच शाळा म्हणायचे, ही गोष्ट निराळी. काम हलके नसते, ठरवणाऱ्याची नजर हलकी असते.

१९१० ते १९७० ह्या साठ वर्षांत तिकडच्या आदिवासी मुलांपैकी तिघांत एक ते दहांत एक इतकी मुले अशी घरातून नेली गेली असावीत, असे १९९७ सालच्या सरकारी चौकशीच्या अहवालात म्हटले आहे. १३ फेब्रुवारी २००८ रोजी तिथल्या पंतप्रधानांनी, केव्हिन रड यांनी, पार्लमेंटात उभे राहून ह्या सगळ्याबद्दल माफी मागितली.

आता पुन्हा शिबिराकडे येऊ. तुमच्या लक्षात आले असेल की, ‘आम्ही तुमच्या मुलीला शिक्षणासाठी मुक्कामाला नेतो, गाडी येईल, खर्च आमचा’ हे वाक्य त्या घरांतून पूर्वी एकदा ऐकलेले आहे. आजीने ऐकलेले आहे, आणि तिची मुलगी परत आलेली नाही. तेव्हा शिबिराचे पत्रक घरी आल्यावर एखादी आजी “नको” म्हणाली, तर ती अडाणी, मागासलेली, असे कोणी म्हणू नये. तिचे “नको” पुस्तकातून आलेले नाही.

म्हणून ह्या शिबिरांत मला महत्त्वाची वाटतात ती यंत्रे नव्हेत. मुलीला कोण नेते, तिथे कोण भेटते, आणि ती कधी परत येते, हे तीन प्रश्न. पहिल्या दिवशी त्या भूमीचे वडीलधारे येऊन पाहुण्यांचे स्वागत करतात. ही त्यांची रीतच आहे, आपण गावच्या वेशीवर पाहुण्याला पाणी द्यावे तशी. मग मुलींबरोबर त्या समाजातल्याच मोठ्या बायका असतात. त्यांना नुसत्या नावाने किंवा ‘मॅडम’ म्हणून हाक मारत नाहीत, मानाने ‘आंटी’ म्हणतात. आपल्याकडे हल्ली दुकानदार आपल्याला ‘आंटी’ म्हणतो तेव्हा राग येतो. तिकडे मात्र ती पदवी आहे, मावशी-आत्यासारखी, आणि कमवावी लागते. नवव्या-दहाव्या दिवशी मुलगी आपल्या घरी. तारीख आधी ठरलेली. कूटामंड्राच्या मुलींना ती तारीखच नव्हती.

शिबिरात करतात काय? काड्यांचे पूल बांधून त्यांवर वजन ठेवून पाहणे, गढूळ पाणी गाळण्याची युक्ती बसविणे, संगणकाला आज्ञा लिहून छोटे यंत्रमानव चालविणे, प्रयोगशाळेत स्वतः हाताने प्रयोग करणे, अशा गोष्टी सगळीकडच्या विज्ञान शिबिरांत असतात. ह्या शिबिरांचे वेगळेपण असे की, आजीच्या हातचे शास्त्रही त्याच टेबलावर मांडतात. त्याची एक गोष्ट सांगते. ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे.

तिकडे ‘नार्डू’ नावाची पाणथळीतली वनस्पती असते, चार पानांची. तिची बीजे दळून भाकरीसारखे करून खातात. १८६० साली बर्क आणि विल्स नावाचे दोन गोरे साहेब मोठा लवाजमा घेऊन मेलबर्नहून खंड ओलांडायला निघाले. परतताना कूपर्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी अडकले. बरोबर किंग नावाचा एक माणूस उरला होता. तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी त्यांना मासे आणि नार्डूच्या भाकऱ्या दिल्या. पण मध्ये कुरबूर झाली, बर्कने बंदूक झाडली आणि ते लोक दूर गेले. मग साहेबांनी स्वतःच नार्डू गोळा करून खाल्ले. रोज पोटभर खात होते, आणि रोज अधिक अशक्त होत होते! १८६१ सालच्या जूनअखेरीच्या सुमारास दोघेही वारले. किंग त्या लोकांच्या आश्रयाला गेला, त्यांनी त्याला सांभाळले, आणि सप्टेंबरात शोधायला आलेल्यांना तो जिवंत सापडला.

असे का झाले? १९९४ साली दोघा शास्त्रज्ञांनी त्याचे कारण मांडले. नार्डूत एक द्रव्य असते, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. त्याने बेरीबेरी होतो, हातपाय गळतात. यांद्रुवांधा बायका ती बीजे आधी भाजत, मग दळत, मग भरपूर पाण्यात कालवत, आणि त्याने ते द्रव्य बोथट होई. साहेबांनी भाकरी पाहिली, कृती विचारली नाही! अहो, आपणही अळूत चिंच घालतो आणि सुरण आमसुलात उकडतो. का, हे कोणी शाळेत शिकवले नाही, पण न घालता करून पाहा म्हणजे घसा सांगेल. भाजण्याने काय होते, पाण्याने काय होते, हे त्या मुलींनी काचेच्या नळीत पाहावे आणि घरी जाऊन आजीला सांगावे, “तू करत होतीस ते बरोबर होते, आणि त्याचे हे कारण”, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

इंजिनिअरिंगचेही तसेच. व्हिक्टोरिया प्रांतात बज बिम म्हणून जागा आहे. तिथे गुंडिचमारा लोकांनी ज्वालामुखीचे काळे दगड रचून पाण्याचे पाट आणि बांध केले. त्यांतून वाम माशांना वळवायचे, साठवायचे आणि गवताच्या विणलेल्या लांब टोपल्यांत धरायचे. निदान ६,६०० वर्षांपूर्वीचे हे काम आहे. २०१९ साली जागतिक वारशाच्या यादीत ते घेतले गेले. पाट किती उताराचा ठेवायचा, हा प्रश्न कागदावर सोडविला की त्याला इंजिनिअरिंग म्हणतात आणि दगडावर सोडविला की रानटीपणा म्हणत. वाळवंटातल्या स्पिनिफेक्स नावाच्या काटेरी गवताचा डिंक काढून दगडी पाती दांड्याला चिकटवीत असत. आता क्वीन्सलँडच्या विद्यापीठात त्याच गवताचा अतिसूक्ष्म तंतू काढून रबरात मिसळला, तर रबर पातळ असूनही बळकट होते असे आढळले आहे. रबरी हातमोज्यांना त्याचा उपयोग. ह्या कामात तिथल्या आदिवासींच्या संस्थेशी करार करून त्यांचा वाटाही ठेवला आहे. हे मला बरे वाटले. नाही तर कृती आजीची आणि बाटलीवर नाव कंपनीचे, असे आपण सर्वत्र पाहतो.

अशा वाटेने पुढे गेलेली मुलगी आहे का? आहे. कार्ली नून तिचे नाव; टॅमवर्थ गावची, कामिलारोई समाजातली. लहानपणी तिची शाळा फार बुडत असे. समाजातली एक वडीलधारी व्यक्ती आठवड्याला घरी येऊन तिला गणित शिकवी, त्यावर तिची गोडी टिकली. गणित आणि विज्ञान अशी जोडपदवी घेणारी ती त्या देशातली पहिली आदिवासी स्त्री. आज ती खगोलशास्त्रात काम करते, आणि आपल्या समाजाच्या आकाशज्ञानावर तिने मैत्रिणीबरोबर २०२२ साली पुस्तक लिहिले. त्यांचे आकाश पाहण्याची रीत गमतीची आहे. आपण चांदण्या जोडून आकृती करतो. ते आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांत एमू पक्षी पाहतात. त्रिशंकूजवळचा काळा डाग हे त्याचे डोके. संध्याकाळी तो कोणत्या महिन्यात कसा दिसतो, त्यावरून जमिनीवरचा एमू अंडी कधी घालील ते ठरते.

लक्षात घ्या, कार्ली नूनला आठवड्याच्या आठवड्याला कोणीतरी घरी येऊन शिकवीत होते. शिबीर नऊ दिवसांचे, वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचे. मुलगी उत्साहाने परत येते आणि तिच्या गावच्या शाळेत वरच्या वर्गाला पदार्थविज्ञान शिकवायला कोणी नसेल, तर तो उत्साह तिने कुठे ठेवायचा? उलट दुःख वाढायचे. म्हणून त्या उन्हाळी शाळेनंतर अकरावी-बारावीतही मुलांना मदत चालू ठेवीत, आणि मुलींच्या अकादमीने आठवीपासून नोकरीपर्यंतचा पल्ला धरला, हे मला शिबिरापेक्षाही शहाणपणाचे वाटते. पैसे देणाऱ्यांना शिबीर आवडते, कारण त्याचा फोटो चांगला येतो. पाठराखणीचा फोटो येत नाही. आपल्या मंडळाच्या शिवणवर्गाचे नाही का, उद्घाटनाला साठजणी आणि काजे-बटणे शिकायच्या दिवशी सात!

फक्त मुलींचेच शिबीर कशाला, असेही काही विचारतात. त्याला माझे उत्तर साधे आहे. मुलगे असले की हातोडी त्यांच्या हातात जाते आणि वही मुलीच्या हातात येते, “तुझे अक्षर चांगले आहे, तू लिहून घे.” मुलीच मुली असल्या की हातोडीही कोणाला तरी धरावीच लागते.

वेळ संपत आली, असे सेक्रेटरीबाई घड्याळ दाखवून सांगत आहेत. शेवटी एक सूचना मांडते. मॉलीच्या कहाणीवर २००२ साली ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ नावाचा चित्रपट निघाला आहे. पुढच्या महिन्याच्या सभेला तो आपल्या हॉलमध्ये दाखवावा. इंग्रजी आहे, पण माझी लेक शेजारी उभी राहून मराठीत सांगायला तयार आहे. आपापल्या मुलींना आणि सुनांना घेऊन यावे, आणि आजीबाईंना पुढच्या खुर्च्या द्याव्यात. सूचनेला कोणी अनुमोदन देत असल्यास आत्ताच हात वर करावा, म्हणजे कार्यवृत्तात नोंद होईल.